पहाटे चारला डोळा, आठला प्रॅक्टिकल : होस्टेलवरच्या एका विद्यार्थ्याचं झोपेचं प्रकरण

पार्श्वभूमी

वय १९, पहिल्या वर्षाचं दुसरं सेमिस्टर, होस्टेलवर दोघांची खोली. आठवड्यातून चार दिवस सकाळी ८ ला प्रॅक्टिकल, बाकीची लेक्चर ११ नंतर. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. वेळा आणि आकडे मात्र महत्त्वाचे असल्यानं नीट दिले आहेत.

घरी असताना या मुलाला झोपेची तक्रार कधीच नव्हती. पण घरी त्याला उठवायला गजर नव्हता, अख्खं घर होतं. साडेसहाला पडदा सरकायचा, स्वयंपाकघरात भांडी वाजायची, आई दोनदा हाक मारायची आणि तिसऱ्यांदा पांघरूण ओढायची. रात्री साडेदहाला बाहेरच्या खोलीतला दिवा बंद झाला की बाकीचं घरही आपोआप निजायचं. होस्टेलवर यातलं काहीच नाही. खोलीतला दिवा रात्री कितीही वाजेपर्यंत चालू राहतो, मेसही उशिरापर्यंत उघडी असते आणि पहाटे तीनला कॉरिडॉरमध्ये कोणी ना कोणी जागं असतंच.

शिवाय वयही आडवं येतं. शरीरातलं झोपेचं घड्याळ पौगंडावस्थेत उशिराकडे सरकत जातं आणि विशीच्या आसपास ते आयुष्यातलं सर्वांत उशिराचं असतं. त्यात माणसाचं हे घड्याळ बरोबर २४ तासांचं नाही. झोपेचे संशोधक चार्ल्स साइस्लर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मोजलेली सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास भरते. म्हणजे रोज सकाळच्या उजेडानं ते किंचित मागे ओढलं नाही, तर आपलं आपण पुढे सरकत राहतं. उशिरा झोपायला काही कष्ट पडत नाहीत आणि लवकर झोपणं जड जातं, याचं एक कारण हे.

अडचण

सहा आठवड्यांत सकाळची २४ प्रॅक्टिकल झाली, त्यातल्या १३ ला तो हजर होता. सेमिस्टरभरात एकूण ६० प्रॅक्टिकल आणि हजेरीची अट ७५ टक्के, म्हणजे ४५. राहिलेल्या ३६ पैकी ३२ ला हजर राहणं भाग होतं. चुकवायला जेमतेम चार उरली होती.

मुलगा आळशी नव्हता, रात्रभर फोनवरही नसायचा. साडेअकराला दिवा मालवून पडायचा आणि साडेतीनपर्यंत छताकडे बघत राहायचा. सकाळी ६:४५ पासून दहा दहा मिनिटांनी पाच गजर लावलेले असायचे. रूममेटचं गाऱ्हाणं साधं होतं : "अरे, तुझ्या गजरानं रोज मी उठतो. तू नाही."

घरून फोनवर एकच सल्ला यायचा, "लवकर झोपत जा रे, म्हणजे सकाळी जाग येईल." हा सल्ला सगळेच देतात आणि तो दोरीचं चुकीचं टोक धरतो. झोप कधी लागावी हे आपल्या हातात नसतं, उठायची वेळ आणि डोळ्यांवर पडणारा उजेड मात्र असतो. पुढच्या सगळ्या हालचाली याच एका गोष्टीवर आधारलेल्या आहेत.

समुपदेशकाकडे जाण्याआधी त्यानं स्वतःच दोन उपाय करून पाहिले होते. पहिला म्हणजे एक अख्खी रात्र जागून काढायची आणि दुसऱ्या दिवशी नऊलाच झोपायचं. त्या रात्री झोप लागली, पण तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. एका रात्रीच्या थकव्यानं झोपेची भूक वाढते, घड्याळ जागचं हलत नाही. दुसरा उपाय चौथ्या आठवड्यातला. कोणीतरी सांगितलं म्हणून सलग सहा दिवस सकाळी साडेसहाला मैदानावर उन्हात पळायला जाणं. त्यानं हाल आणखी वाढले आणि झोप साडेचारवर गेली. असं का झालं, हा या प्रकरणातला सर्वांत उपयोगी धडा आहे. तो पुढे येतोच.

पहिला निर्णय : हा निद्रानाश आहे की घड्याळ सरकलंय?

दोन्हींत माणूस रात्री जागाच असतो, पण उपाय वेगळे. म्हणून आधी १४ दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. एका वहीत पाच रकाने : अंथरुणात गेल्याची वेळ, झोप लागल्याची अंदाजे वेळ, उठल्याची वेळ, दिवसाची डुलकी, चहा-कॉफीचे कप आणि त्यांच्या वेळा. रात्री घड्याळ बघत बसायचं नाही, सकाळी उठून अंदाजानं लिहायचं, एवढीच अट.

क्लासच्या दिवशी जेव्हा उठणं जमलं तेव्हा झोप साधारण ३:१५ ते ७:३०. सुट्टीच्या चार दिवशी गजराशिवाय ३:४५ ते ११:४५. पूर्ण आठ तास, मध्ये जाग नाही, उठल्यावर डोकं ताजंतवानं. निदान इथेच झालं. निद्रानाशाच्या माणसाला सुट्टीतही अशी सलग झोप लागत नाही. याची झोप चांगली होती, फक्त चार तास उशिरा येत होती. क्लासच्या दिवशी झोपेचा मध्य ५:२२ ला, सुट्टीच्या दिवशी ७:४५ ला. या तफावतीला टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं. इथे ती जवळपास अडीच तासांची होती. दर सोमवारी दोन-तीन टाइमझोन ओलांडून प्रॅक्टिकलला येण्यासारखंच ते.

वहीनं आणखी दोन गोष्टी उघड केल्या. क्लासवरून आल्यावर साडेपाच ते आठ अशी गाढ झोप, आठवड्यातून चार वेळा. आणि दिवसाला चार मोठे मग कॉफी, शेवटचा रात्री दहाला. कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाचेक तास लागतात, माणसागणिक बरंच कमी-जास्त. दहाच्या मगातलं निम्मं कॅफिन पहाटे तीनलाही अंगात असणार.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सतत उदास वाटणं, जगण्याचा कंटाळा, औषधं, थायरॉइड हे सगळं कॉलेजच्या डॉक्टरांनी विचारून आणि तपासून बाजूला केलं. ही पायरी गाळू नये. नैराश्यातही झोपेचं असंच गणित बिघडतं. आणि मूड टोकाचा वर-खाली होण्याचा पूर्वेतिहास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जागरणाचे किंवा तीव्र प्रकाशाचे प्रयोग करायचे नसतात.

साडेसहाची धाव उलटी का पडली

शरीराचं तापमान रोज एका वेळी सर्वांत खाली जातं. नैसर्गिक जाग येते त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी. हा बिंदू म्हणजे जणू उताराचा माथा. त्याच्यानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ लवकरकडे ओढतो, त्याच्या आधीचा उजेड उशिराकडे ढकलतो. रोज सहाला उठणाऱ्याचा हा बिंदू साडेतीन-चारला येतो, म्हणून त्याला सकाळचं ऊन चांगलं. या मुलाची नैसर्गिक जाग पावणेबाराची, म्हणजे बिंदू पावणेनऊ ते पावणेदहाच्या दरम्यान. साडेसहाचं ऊन त्याच्या शरीराच्या हिशेबानं मध्यरात्रीचं होतं. त्यातच अपुऱ्या झोपेमुळे संध्याकाळी अडीच तासांची डुलकी, त्यामुळे रात्रीची झोपेची भूक आणखी मेलेली. मेहनत पुरेपूर होती, दिशा उलटी.

पर्याय

झोपेच्या गोळ्या सर्वांत आधी बाद झाल्या. त्या गुंगी आणतात, घड्याळ सरकवत नाहीत. मेलॅटोनिनची, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणाऱ्या संप्रेरकाची, गोष्ट वेगळी. ते अगदी कमी मात्रेत, झोपेच्या काही तास आधी घेतलं तर घड्याळ लवकरकडे ओढायला मदत करतं, पण वेळ चुकली तर परिणामही चुकतो. डॉक्टरांनी ते राखीव ठेवलं आणि शेवटपर्यंत लागलं नाही.

उलटा फेरा हा १९८० च्या दशकात पुढे आलेला उपाय. रोज तीन तास उशिरा झोपत जायचं, म्हणजे आठवडाभरात चक्कर पूर्ण होऊन माणूस रात्री अकरावर येतो. कागदावर सुबक दिसतो. प्रत्यक्षात त्या आठवड्यात मुलगा कधी दुपारी झोपणार, कधी संध्याकाळी. दोघांच्या खोलीत ते अशक्यच. शिवाय अकरावर येऊन तिथे थांबणं अवघड, सरकायची सवय लागलेली असते.

आईनं स्वतःहून एक पर्याय सुचवला : "मी रोज साडेसहाला फोन करून उठवते." समुपदेशकांनी नको म्हटलं. घर पुन्हा घड्याळ बनलं तर फोन ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी काय, हा त्यांचा मुद्दा. शिवाय साडेसहाला उठणंच या टप्प्यावर चुकीचं होतं.

शेवटी ठरलं ते असं : आजच्या नैसर्गिक वेळेपासून, म्हणजे पावणेबारापासून सुरुवात करायची आणि उठायची वेळ दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणायची. ६:४५ गाठायला दहा पायऱ्या, म्हणजे २० दिवस. सहाव्या आठवड्यानंतर नऊ दिवसांची सुट्टी होती. उरलेल्या दिवसांचं काय?

दुसरा निर्णय : सूट मागायची की बॅच

सुट्टी संपल्यावरचे दोन आठवडे सकाळचं प्रॅक्टिकल जमणार नव्हतं. चार चुकवायची मुभा होती, दोन आठवड्यांत आठ होतात. मुलगा आधी "झोपेचा त्रास आहे, हजेरीत सूट द्या" म्हणून सरांकडे गेला आणि सरळ नकार घेऊन आला. नकार रास्तच होता. अशी विनंती करणारे त्या महिन्यात आणखीही असणार.

दुसऱ्यांदा तो वहीतला १४ दिवसांचा तक्ता, डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी आणि तारखांसह आराखडा घेऊन गेला. मागणी बदलली होती. सूट नको, फक्त दोन आठवडे दुपारी २ च्या बॅचबरोबर तीच प्रॅक्टिकल करू द्या, अमुक सोमवारपासून परत सकाळी येतो. सर म्हणाले, "त्या सोमवारी आला नाहीस तर पुन्हा विचारू नकोस." आठही प्रॅक्टिकलची हजेरी लागली. सगळ्या आराखड्यात हे दहा मिनिटांचं बोलणं सर्वांत मोलाचं ठरलं.

काय केलं

रोजचे नियम मोजकेच होते. ठरलेल्या वेळी एकच गजर, फोन अंथरुणापासून दूर दाराजवळच्या कपाटावर. उठल्यावर तासाभराच्या आत ३० ते ४० मिनिटं बाहेर मोकळ्यावर, गॉगल न लावता. खिडकीशी बसून चालत नाही. घरातल्या दिव्यांचा उजेड १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो, ढगाळ दिवशीही बाहेर तो हजारांत असतो, डोळ्यांना मात्र हा फरक जाणवत नाही. त्या दिवसाच्या अपेक्षित झोपेच्या दोन तास आधीपासून छतावरची ट्यूब बंद, फक्त भिंतीकडे तोंड केलेला पिवळा टेबललॅम्प. डुलकी घ्यायचीच तर २० मिनिटं, दुपारी तीनच्या आत. कॉफीचा शेवटचा कप झोपेच्या किमान आठ तास आधी.

अंथरुणाचा नियम वेगळा सांगायला हवा, कारण होस्टेलवर तोच सर्वांत आधी मोडतो. तिथे पलंग हेच टेबल, तीच बैठक, तेच जेवणाचं ताट ठेवायची जागा. मेंदूला पलंग म्हणजे झोप असं वाटतच नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला उपाय अजून वापरात आहे : पेंग येईपर्यंत आडवं व्हायचं नाही, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पलंगावर अभ्यास करायचा नाही. इथे खोलीतली एकुलती खुर्ची कपड्यांच्या ढिगाखाली गेली होती. आधी दाराला खिळे ठोकून कपडे टांगले, मग खुर्ची मिळाली.

कुठे अडलं

पहिली चूक कॉफीची. उत्साहाच्या भरात त्यानं चार मगांवरून थेट शून्यावर उडी मारली. कॅफिन अचानक तोडलं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते आणि साधारण दुसऱ्या दिवशी ती ऐन भरात असते. तिसऱ्या दिवशी डोकं फुटतंय म्हणून संध्याकाळी सहाला एक मोठा मग घेतला, त्या रात्री झोप पावणेपाचला. मग दोन कपांवर परत आणून दर दोन दिवसांनी अर्धा कप कमी केला.

दुसरं अडणं जास्त शिकवणारं. सुट्टीभर आराखडा सरळ चालला. दहाव्या दिवशी उठणं सव्वानऊवर आलं होतं आणि तिथेच थिजलं. सव्वानऊला उठायचं तर झोप सव्वाएकला यायला हवी, ती अडीचच्या आधी येईना. मुलगा म्हणाला, माझं घड्याळच खराब आहे. वही काढून तारखा बघितल्या तेव्हा दिसलं की रूममेट घरून परतला त्याच दिवसापासून गाडी अडली होती. तो रात्री एकपर्यंत छतावरच्या ट्यूबखाली वाचायचा आणि सकाळी सातला पडदा सरकवायचा. रात्रीचा पांढरा उजेड उशिराकडे ढकलत होता. सातचा उजेडही तापमानाच्या त्या बिंदूच्या अगदी जवळ, धोक्याच्या बाजूला पडत होता.

इथे भांडण झालं असतं. रूममेटचं काही चुकत नव्हतं, खोली त्याचीही होती. बोलणं गजरापासून सुरू केलं हे बरं झालं. पाच गजरांऐवजी एक, आणि तोही मी उठून बंद करणार, हा याच्याकडून शब्द. त्या बदल्यात अकरानंतर ट्यूब बंद आणि रूममेटच्या टेबलावरही लॅम्प. पडद्याचं काही करावं लागलं नाही, डोळ्यांवर काळी पट्टी बांधून झोपणं पुरलं. ठरलेल्या वेळेपर्यंत पट्टी, त्यानंतर लगेच बाहेर. चार दिवस तीच पायरी धरून ठेवली, पाचव्या दिवशी गाडी हलली.

तिसरा प्रसंग सतराव्या दिवशी. सबमिशनमुळे झोपायला पहाटेचे चार वाजले, आराखड्यात उठणं ८:१५ ला. झोपू द्यायचं की उठवायचं? बारापर्यंत झोपला असता तर सकाळचा उजेड गेला असता आणि पुन्हा दोन-तीन पायऱ्या मागे. उठायची वेळ पाळली, दुपारी दोनला २० मिनिटांची डुलकी, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही असं बजावलं. चार तासांच्या झोपेवर रस्त्यावर पेंग येणं ही काल्पनिक भीती नाही. त्या रात्री सव्वाअकरालाच डोळा लागला.

निष्पत्ती

चार दिवस वाया जाऊनही ६:४५ ची पायरी तेविसाव्या दिवशी, रविवारी गाठली. चोविसाव्या दिवशी, सोमवारी, पहिलं सकाळचं प्रॅक्टिकल. पुढच्या सात आठवड्यांतल्या २८ पैकी तीन चुकली. सेमिस्टरअखेर हजेरी ६० पैकी ४६, म्हणजे ७६.७ टक्के. अटीपेक्षा एकच जास्त.

सुट्टीच्या दिवशी पावणेआठपर्यंत झोपायची मोकळीक ठेवली, त्यापुढे नाही. संध्याकाळची गाढ झोप आपोआप सुटली. दुपारी साडेतीनच्या लेक्चरला पेंग मात्र राहिली, ती बहुतेकांना राहतेच.

वेगळं काय करता आलं असतं

वही दुसऱ्याच आठवड्यात सुरू व्हायला हवी होती. सहा आठवडे "आळस" या शब्दात गेले, तोवर अकरा प्रॅक्टिकल बुडाली. रूममेटला आराखडा पहिल्याच दिवशी दाखवायला हवा होता. सुट्टीत खोली रिकामी असल्यानं तो आराखड्याचा भाग आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आईच्या फोनला सरसकट नकार देण्याबद्दल मतभेद होऊ शकतो. शेवटच्या दोन पायऱ्यांवर आठवडाभर सकाळचा फोन चालला असता, आणि आईलाही काहीतरी करता आल्याचं समाधान मिळालं असतं. त्याऐवजी रात्री साडेदहाचा तासभर चालणारा तिचा फोन आठला आणला. तो बदल छोटा वाटतो, पण त्या फोनवर रोज हजेरीचा विषय निघायचा आणि त्यानंतर कोणाला झोप येणार?

सर्वांत मोठी त्रुटी सुट्टीची. परीक्षेनंतर तीन आठवडे घरी काय करायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं. घरच्यांनीही "दमलाय, झोपू दे" म्हणून पडदे लावून ठेवले. उठणं साडेनऊवर गेलं. परत जायला पाच दिवस उरले असताना त्याला वही आठवली. दर दोन दिवसांनी अर्धा तास या हिशेबानं ६:४५ ला यायला बारा दिवस लागणार होते. नव्या सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात दोन प्रॅक्टिकल बुडाली.